मान धरणारे हात आणि घशातला कॅमेरा

चार वर्षांच्या मुलाला सपाट फळीवर उताणं झोपवा आणि बाजूने बघा. हनुवटी छातीकडे झुकलेली दिसेल. मोठ्या माणसाचं असं होत नाही. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं आणि डोक्याची मागची बाजू फुगीर. फळीला आधी ती टेकते आणि मान पुढे ढकलली जाते. म्हणून मानेला मार लागल्याची शंका असलेलं मूल आलं की आम्ही त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत दुमडलेली चादर घालतो. कानाचं भोक आणि खांदा एका रेषेत आले की मान सरळ झाली असं समजायचं. साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना ही चादर लागतेच.

मी भूलतज्ज्ञ आहे. मूळची फोंड्याची, आणि आता बरीच वर्षं गोव्यातच लहान मुलांना भूल देते. आज मला लिहायचंय ते व्हिडिओ लॅरिंगोस्कोपबद्दल, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेल्या त्या उपकरणाबद्दल, ज्याने घशात बघत श्वासनलिकेत ट्यूब टाकता येते. मान हलवायची नाही असं ठरलेल्या मुलाच्या बाबतीत हे उपकरण मला फार मोलाचं वाटतं. पण चादर त्याच्याही आधी येते, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

मुलांच्या मानेचं दुखणं मोठ्यांपेक्षा वेगळं का, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. मान वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण कुठल्या मण्यावर येतो, हे वयाप्रमाणे बदलतं. मोठ्या माणसात तो पाचव्या-सहाव्या मण्याच्या आसपास येतो, लहान मुलात दुसऱ्या-तिसऱ्यापाशी, म्हणजे कवटीच्या अगदी जवळ. त्यात मुलांचे अस्थिबंध सैल, मण्यांचे सांधे उथळ आणि आडवे. मूल पडतं तेव्हा जड डोकं एका बाजूला फेकलं जातं आणि इजा वरच्या मण्यांना होते. नेमकी तिथूनच, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून, श्वासपटलाला हलवणारी नस निघते. तिथे मज्जारज्जूला मार बसला तर हातपाय तर जातातच, श्वासही जातो.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला विद्यार्थी असताना खूप अस्वस्थ करायची. मुलाचा मणका ताणला जाऊन परत जागेवर येऊ शकतो, पण आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. म्हणजे एक्स-रे स्वच्छ, सीटी स्कॅनमध्ये हाड कुठेही मोडलेलं नाही, आणि तरी मूल पाय हलवत नाही. पँग आणि विलबर्जर या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये अशा मुलांचं वर्णन करून त्याला ‘सिवोरा’ हे नाव दिलं. आता एमआरआयमुळे त्यातल्या अनेकांची इजा दिसू शकते. पण मध्यरात्री कॅज्युअल्टीत बेशुद्ध मूल समोर असताना एमआरआय हातात नसतो. त्यामुळे फोटो कितीही चांगला आला तरी मूल शुद्धीवर येऊन स्वतः हातपाय हलवून दाखवेपर्यंत त्याची मान आम्ही दुखावलेलीच धरतो. खरं तर मार लागलेल्या शंभर मुलांत एखाद-दुसऱ्याच्याच मानेला खरी इजा असते. उरलेल्यांची मान आम्ही त्या एखाद-दुसऱ्यासाठी सांभाळतो, आणि ते बरोबरच आहे.

ही मुलं येतात कुठून? आमच्याकडे मुख्यतः रस्त्यावरून. स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहून, हँडलला धरून जाणारं मूल तुम्ही रोज बघता, मीही बघते. फोंडा-पणजी रस्त्यावर, म्हापशाच्या बाजारात, जत्रेहून रात्री परतताना. समोरून काही आलं आणि ब्रेक लागला की ते मूल सरळ डोक्यावर फेकलं जातं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडावरून पडलेली मुलं. काजूच्या फांद्या ठिसूळ, मानकुराद आंब्याचं झाड उंच, आणि मे महिन्यात आजोळी आलेल्या शहरातल्या मुलांना कुठली फांदी भार सोसेल ते कळत नाही. पावसाळ्यात उथळ पाण्यात सूर मारणारी थोडी मोठी मुलं. सिंधुदुर्गातून, दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याकडूनही गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रुग्ण आणतात, आणि त्या तासा-दीड तासाच्या वाटेत मान कोणी आणि कशी धरली, यावर बरंच काही ठरतं.

अशा मुलाला डोक्यालाही मार असला, शुद्ध उतरत चालली, तोंडात रक्त किंवा उलटी असली, की श्वासाची वाट सुरक्षित करावी लागते. म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब. इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात.

नेहमीच्या लॅरिंगोस्कोपने ट्यूब टाकताना आम्ही डोकं थोडं मागे झुकवतो, जीभ ब्लेडने बाजूला सारतो, जबडा उचलतो आणि तोंडापासून स्वरतंतूंपर्यंत सरळ नजर पोचेल अशी रेषा तयार करतो. मान धरून ठेवली की ही रेषा तयार होत नाही. ती तयार करायला जो जोर लावाल, तो जिभेतून, जबड्यातून थेट वरच्या मण्यांवर जातो. त्यात मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र मोठ्यांपेक्षा वर आणि त्यावरचं झाकण, एपिग्लॉटिस, लांब आणि लुळं, खाली पडून वाट झाकणारं. मिलर या भूलतज्ज्ञाने १९४१ मध्ये सरळ ब्लेड काढलं आणि मॅकिंटॉश या भूलतज्ज्ञाने १९४३ मध्ये वाकडं. लहान बाळात आजही सरळ ब्लेडने ते झाकण थेट उचलून धरणं अनेकांना सोपं जातं. पण ब्लेड कुठलंही असो, साध्या डोळ्यांनी बघायचं तर सरळ रेषा हवीच.

आणि वेळ हाताशी नसतो. बाळ दर मिनिटाला, दर किलो वजनामागे ६ ते ८ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, मोठा माणूस ३ ते ४. फुप्फुसातला साठाही बाळाचा कमी. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेल्या, निरोगी फुप्फुसांच्या बाळाचं श्वास थांबल्यावर सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्क्यांपर्यंत उतरायला सहा महिन्यांखाली साधारण दीड मिनिट लागतं आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अडीच-पावणेतीन मिनिटं. ज्याच्या फुप्फुसात रक्त गेलंय, जे आधीच दमलंय, त्याला याहून खूप कमी. इतक्या वेळात बघायचं, ट्यूब आत घालायची आणि मान हलू द्यायची नाही.

इथे मला मानुएल गार्सियाची आठवण येते. तो डॉक्टर नव्हता. तो गाणं शिकवायचा. गाणाऱ्याच्या घशात नेमकं काय होतं ते त्याला बघायचं होतं. १८५४ मध्ये त्याने दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशाच्या मागे धरला, दुसऱ्या आरशाने सूर्याचा प्रकाश आत पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. ज्या भूमीने केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई दिल्या, तिथे राहणाऱ्या मला याचं विशेष प्रेम वाटतं, की घशात बघण्याची ही विद्या एका गानगुरूच्या कुतूहलातून पुढे आली. आणि त्याने नेमकं तेच केलं जे आज कॅमेरा करतो: सरळ रेषेचा हट्ट सोडून वळणापलीकडे पाहिलं.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचं ब्लेड तोंडात गेलं की कॅमेरा जवळजवळ टोकाशी असतो. माझा डोळा जणू जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो. तोंडापासून घशापर्यंत सरळ रेषा नसली तरी स्क्रीनवर स्वरतंतू दिसतात, आणि तेवढ्यासाठी जोरही कमी लावावा लागतो. ब्लेड दोन तऱ्हेची असतात. एक, नेहमीच्याच आकाराचं, मिलर किंवा मॅकिंटॉशसारखं, फक्त त्यात कॅमेरा बसवलेला. दुसरं, खूप वाकडं, कोपऱ्यापलीकडचं दाखवणारं.

आता जे सांगते ते नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि मी ते ओटीत पुन्हा पुन्हा सांगते. दिसणं वेगळं आणि ट्यूब जाणं वेगळं. खूप वाकड्या ब्लेडने स्वरतंतू पुस्तकातल्या चित्रासारखे समोर दिसतात. रेसिडेंटच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. मग ट्यूब घालायला जावं तर ती स्वरयंत्राच्या मागच्या कडेवर अडकते, किंवा आत शिरून पुढच्या भिंतीला टेकते आणि खाली सरकत नाही. कारण नजर वळणावरून गेली, पण ट्यूबलाही तेच वळण घ्यावं लागतं. त्यासाठी ट्यूबमध्ये स्टायलेट, म्हणजे तिला आकार देणारी तार, हवी आणि तिला ब्लेडसारखाच बाक हवा. ट्यूबचं टोक स्वरतंतूंच्या तोंडाशी पोचलं की स्टायलेट थोडी मागे ओढायची आणि मग ट्यूब पुढे सरकवायची. आणि स्वरतंतू पूर्ण, अगदी जवळून दिसत असतील तर ब्लेड किंचित मागे घ्यायचं. चित्र थोडं लहान होतं, स्वरयंत्र थोडं खाली येतं, आणि ट्यूबला जागा मिळते. शिकणाऱ्याला हे पटत नाही, कारण एवढं चांगलं दिसत असताना मुद्दाम कमी का दिसू द्यायचं? पण हात सांगतात तेच खरं.

दुसरी गोष्ट, नजर कुठे ठेवायची. ब्लेड घालताना तोंडाकडे बघा. मग स्क्रीनकडे. ट्यूब घालताना पुन्हा तोंडाकडे, टोक जिभेवरून मागे वळेपर्यंत. मगच स्क्रीनकडे. हा क्रम मोडला की ट्यूबचं टोक कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागेत टाळूला किंवा टॉन्सिलला टोचतं. मुलांचे टॉन्सिल मोठे असतात, रक्त लगेच येतं, आणि मग कॅमेऱ्यासमोर फक्त लाल रंग उरतो.

कॅमेऱ्याचा खरा शत्रू रक्त आणि लाळ. काच एकदा माखली की सगळं उपकरण आंधळं. म्हणून सक्शन आधी, ब्लेड नंतर. सक्शनची नळी पुढे ठेवत, वाट साफ करत ब्लेड सरकवायचं. थंड एसीतल्या ओटीत काचेवर वाफही धरते, त्यामुळे ब्लेड आधी थोडं गरम होऊ द्यायचं. आणि साधा लॅरिंगोस्कोप, बल्ब तपासलेला, शेजारी असलाच पाहिजे.

गेल्या काही वर्षांतलं एक मूल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मे महिना, रात्र. साधारण सहा वर्षांचा मुलगा, सिंधुदुर्गाच्या बाजूने आणलेला, झाडावरून पडलेला. आणणाऱ्यांनी त्याला दाराच्या फळीवर झोपवून आणलं होतं आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली लुगडी लावली होती. कोणाला सुचलं माहीत नाही, पण ज्याला सुचलं त्याला मी मनापासून नमस्कार करते. मुलाचा आजा दारात उभा होता. एवढंच विचारलं त्याने, “बाय, वाचतलो मां?” मी म्हटलं, “आजोबा, आधी त्याला नीट श्वास घेऊ दे. मी बाहेर येऊन सांगते.”

शुद्ध उतरत होती. तोंडात रक्त. वाटेत कोणीतरी मोठ्या माणसाची मानेची कॉलर बसवली होती. ती मुलाच्या हनुवटीखाली बसण्याऐवजी हनुवटीच वर ढकलत होती. ती काढायची ठरली. आधी मान हातात घेतली गेली, मगच कॉलर निघाली.

मान धरायला होता आमचा जुना ओटी टेक्निशियन. तो मुलाच्या छातीच्या बाजूला उभा राहिला, दोन्ही तळवे डोक्याच्या बाजूंना, बोटं कानामागच्या हाडावर. धरायचं, ओढायचं नाही. वरच्या अस्थिबंधांना इजा असेल तर ओढण्यानेच मणे एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. खांद्याखाली चादर गेली. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, त्या ट्यूब टाकतानाही चालूच ठेवायच्या. मास्कने ऑक्सिजन. एक सिस्टर फक्त वेळ आणि सॅचुरेशन मोठ्याने सांगायला. भुलीसाठी केटामिन, स्नायू सैल करायला रोक्युरोनियम. ट्यूबचा आकार वयावरून: वयाला चाराने भागून साडेतीन मिळवायचे, म्हणजे कफवाली, टोकाजवळ फुगा असलेली, ५ नंबरची, आणि एक अर्ध्या नंबरने लहान शेजारी.

मी नेहमीच्या आकाराचं कॅमेरावालं ब्लेड घेतलं. सक्शन, ब्लेड, पुन्हा सक्शन. स्क्रीनवर आधी एपिग्लॉटिसची कड आली, मग स्वरतंतूंचा मागचा अर्धा भाग. मी अजून दिसावं म्हणून हात उचलायला गेले तेवढ्यात टेक्निशियन म्हणाला, “मॅडम, डोकं येतंय वर.” मी थांबले. अर्धं दिसत होतं ते पुरे होतं. रेसिडेंटने बूजी, म्हणजे ट्यूबच्या आधी घालायची बारीक लवचीक कांडी, दिली, ती स्क्रीनवर बघत आत गेली, तिच्यावरून ट्यूब १५ सेंटीमीटरवर. कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, चौकोनी लाट उमटली, एकामागून एक. ट्यूब बरोबर जागी होती. सॅचुरेशन फार उतरलं नाही.

सांगायचं आहे ते टेक्निशियनच्या त्या वाक्याबद्दल. साध्या लॅरिंगोस्कोपने ट्यूब टाकताना घशात फक्त एकच माणूस बघतो. मान धरणाऱ्याला काही दिसत नाही. त्याच्या तळव्यांना फक्त ओढ जाणवते आणि ती का येते आहे ते कळत नाही, म्हणून तो गप्प राहतो. स्क्रीन आली की तो माझ्याबरोबर बघतो. अर्धे स्वरतंतू दिसत आहेत, तरी मॅडम अजून उचलत आहेत, हे त्याला कळतं. मग तो बोलतो. सक्शनवाल्याला कळतं कुठे रक्त साचलंय. बूजी कधी द्यायची हे मागावं लागत नाही. एरवी एका डोळ्याचं असलेलं काम चार जणांचं होतं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने मुलांच्या मानेसाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या मते हीच आहे, आणि यंत्राच्या जाहिरातीत ती कुठेच नसते. आमच्याकडे आता नियमच आहे: मान धरणाऱ्याने ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, तो वयाने, पदाने कितीही लहान असो.

त्या मुलाच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूला वर सूज होती, हाड मोडलेलं नव्हतं. तो चालत घरी गेला. उजव्या हाताची पकड तेव्हा कमजोर होती, तिचा व्यायाम पुढे बराच काळ चालला.

आता पुरावा काय सांगतो तेही बोललं पाहिजे, कारण आवडतं म्हणून वापरतो असं वैद्यकात चालत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, नवजात सोडून इतर मुलांमध्ये, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने उलट जास्त वेळ लागला आणि अपयशही जास्त दिसलं. तो पुरावा कमी प्रतीचा होता असं आढावा घेणाऱ्यांनीच लिहिलंय, पण दिसणं आणि ट्यूब जाणं यातलं जे अंतर मी वर सांगितलं, तेच मला त्यात दिसतं. मग २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक वर्षाखालच्या बाळांचा मोठा अभ्यास आला. त्यात ब्लेड नेहमीच्या आकाराचं, फक्त कॅमेरावालं होतं. पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण कॅमेऱ्याने ९३ टक्के, साध्याने ८८. २०२४ मध्ये डब्लिनच्या नवजात बाळांमध्ये हाच फरक ७४ आणि ४५ टक्के असा आला. पहिला प्रयत्न महत्त्वाचा, कारण प्रत्येक जादा प्रयत्नाबरोबर सूज वाढते, रक्त येतं, ऑक्सिजन पडतो.

हे अभ्यास मान बांधलेल्या मुलांचे नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवं. मान धरून ठेवलेल्या मुलांवरची कामं लहान-लहान आहेत. त्यांत बहुतेकदा दिसणं सुधारतं, वेळ मात्र वाचतोच असं नाही. आणि ट्यूब टाकताना मज्जारज्जूला नव्याने इजा होणं मुळात फारच दुर्मीळ आहे. जखमी मेंदूला आणि मज्जारज्जूला जास्त धोका असतो ऑक्सिजन पडण्याचा आणि रक्तदाब उतरण्याचा. म्हणून मान जराही हलू नये या धास्तीने तीन-तीन मिनिटं घशात ब्लेड धरून बसणं हे मुलाचं रक्षण नव्हे. तीस सेकंदांत जमलं नाही तर बाहेर यायचं, मास्कने ऑक्सिजन द्यायचा, काहीतरी बदलायचं, मगच पुन्हा आत जायचं. मास्कनेही हवा जात नसेल तर लॅरिंजियल मास्क, म्हणजे घशात स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा मास्क, घालायचा. त्याला मान वाकवावी लागत नाही.

अपघाताशिवायही काही मुलांची मान जपावी लागते. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांमध्ये पहिला आणि दुसरा मणा एकमेकांवर सैल असतात. मॉर्कियो या जन्मजात आजारात दुसऱ्या मण्याचा वर आलेला खुंट नीट वाढलेला नसतो. क्लिपेल-फाइल या जन्मदोषात मानेचे मणे जुळलेलेच असतात. या मुलांना दात काढायला, कानाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला भूल लागते आणि तिथे घाई नसते. पालकांना माझी विनंती: मुलाचं चालणं अलीकडे बदललंय का, हात लवकर थकतात का, मान एका बाजूला धरतं का, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. कुठल्याही तपासणीपेक्षा घरच्यांच्या नजरेला हे लवकर दिसतं.

छोट्या हॉस्पिटलांतल्या माझ्या सहकाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. यंत्र आलं, कपाटात गेलं, ‘अवघड केस’साठी ठेवलं, असं करू नका. जे हातात रोज नसतं ते वाईट रात्री हातात बसत नाही. सोप्या मुलांत, टॉन्सिलच्या, हर्नियाच्या यादीत, मोकळ्या मानेवर ते वापरा. शिकवताना तर याच्यासारखं साधन नाही. पूर्वी रेसिडेंट म्हणायचा ‘दिसतंय’ आणि मला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागायचा. आता मी म्हणते, “ते अन्ननलिकेचं तोंड आहे, थोडं मागे ये, हं, झाकण पडलं बघ, आता उचल.” आमच्या मुलांच्या पुतळ्यावर आम्ही मान धरून सराव करतो, आणि प्रत्येक रेसिडेंटला ट्यूब टाकण्याच्या आधी मान धरायला लावतो. डॉक्टर किती जोर लावतात ते स्वतःच्या तळव्यांनी अनुभवल्यावर त्याचा हात आपोआप हलका होतो. दुसरं म्हणजे लहान ब्लेड मागा. यंत्र विकत घेताना मोठ्या माणसांची ब्लेड येतात आणि शून्य-एक नंबरची ‘नंतर बघू’ म्हणून राहतात. ती सुरुवातीलाच घ्या. आणि चार्जिंग. बॅटरी कोण बघणार हे नावानिशी ठरवा.

बाकीच्या वाचकांसाठी, विशेषतः गावाकडच्या. मूल उंचावरून पडलं किंवा गाडीवरून फेकलं गेलं, आणि ते मान दुखते म्हणतं, हातपाय बधिर झाले म्हणतं, नीट बोलत नाही किंवा शुद्धीत नाही, तर त्याला बखोटीला धरून उठवू नका, पाणी पाजू नका, डोक्याखाली उशी देऊ नका. डोकं जिथे आहे तिथेच दोन्ही हातांनी बाजूने धरा आणि १०८ येईपर्यंत एकानेच ते धरून ठेवा. हलवावंच लागलं तर लाकडासारखं सगळं अंग एकदम वळवा, आणि फळीवर घेताना घडी केलेली चादर खांदे-पाठीखाली घाला, डोक्याखाली नाही. उलटी आली तर तसंच सगळं मिळून कुशीवर घ्या. श्वास बंद पडत असेल तर मात्र श्वास आधी, मान नंतर.

स्कूटरवर मुलाला पुढे उभं करू नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी दुचाकीवर हेल्मेट आणि मोठ्याच्या अंगाला बांधणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट आधीपासूनच सक्तीचं आहे.

१०८ ला फोन लावाल तेव्हा मुलाचं वय आणि अंदाजे वजन सांगा, कशावरून आणि किती उंचीवरून पडलं ते सांगा, आणि हातपाय हलवतं का तेही. त्या वयावरून आम्ही ट्यूब, ब्लेड आणि औषधं गाडी दारात येण्याआधी काढून ठेवतो.